सोसायटीचा विमा आहे, बँकेचाही होता. मग माझ्या दाराच्या आत काय?

चिपळूणच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी विचारलं आहे. १६ फ्लॅटची सोसायटी, त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. सोसायटी दरवर्षी इमारतीचा विमा भरते, कर्ज घेताना बँकेनेही 'काहीतरी विमा' कापून घेतला होता. अमेरिकेतली भाची म्हणते की तिकडे काँडोला आतला विमा वेगळा लागतो, तू पण काढ. बाईंचा प्रश्न असा : २०२१ चा पूर आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबला, दुसऱ्या मजल्यावर नदी येणार नाही, मग मी पैसे का घालवू?

बाई, मी विमा विकत नाही. विमा सर्वेक्षक आहे. नुकसान झालं की कंपनी मला पाठवते, मी चिखलात उभा राहून काय गेलं, कशाने गेलं आणि पॉलिसीत ते बसतं का हे लिहून देतो. वीस-बावीस वर्षं मंडणगडपासून राजापूरपर्यंत हेच करतोय. तुमच्यासारख्या घरात मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अहो, पण आमचा तर विमा आहे ना!" असतो. पण बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कशाचा तरी असतो.

आधी बँकेचा विषय संपवू. तुमच्या कर्जाची फाईल काढा आणि तो कागद शोधा. माझा अंदाज आहे की तो घराचा विमा नाहीच. कर्जदार वारला तर उरलेलं कर्ज फिटावं म्हणून जो काढतात, तो आयुष्याचा विमा असतो. भिंत पडली काय, उभी राहिली काय, त्याला देणंघेणं नाही. खरोखर मालमत्तेचा निघालाच, तर दोन गोष्टी बघा. मुदत कधी संपली, आणि त्यावर बँकेचं नाव आहे का. नाव असेल तर दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. कर्ज फिटलं तरी ते नाव तसंच राहिलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. एक अर्ज करून ते काढून घ्यायचं असतं.

आता सोसायटी. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवणं सोसायटीवर बंधनकारक आहे, आणि हप्त्याची वाटणी फ्लॅटच्या बांधीव क्षेत्रफळावर होते. म्हणजे तुमच्या मासिक बिलात तो खर्च आहेच. पण उपविधीत शब्द 'आग आणि भूकंप' असे आहेत, बाई. पूर, वादळ, दरड आहे की नाही, ते पॉलिसी उघडून वाचल्यावरच कळतं. आपल्याकडे कोयनेचा हादरा अधूनमधून जाणवतो, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण घरोघरी अजून निघते, तेव्हा भूकंप हवाच. पण वाशिष्ठी नदीकाठच्या इमारतीच्या पॉलिसीत पूर नसणं म्हणजे होडीत बसून छत्री घेणं झालं. अशी पॉलिसी मी दोनदा हातात धरली आहे. दोन्ही वेळा सेक्रेटरींना स्वतःला माहीत नव्हतं.

दुसरं, ती पॉलिसी इमारतीची आहे. खांब, तुळया, स्लॅब, बाहेरच्या भिंती, जिना, टाकी, कंपाउंड. लिफ्ट, पंप, मीटरचं पॅनेल हे वेगळं लिहिलेलं असेल तर. तुमचा फ्रिज, कपाटं, पलंग, पुस्तकं त्यात नाहीत. तुम्ही स्वतः बसवलेलं फर्निचर, बदललेल्या फरशा, नवा ओटा यांवर तर हमखास वाद होतो, कारण कमिटीने रक्कम ठरवताना बिल्डरने दिली तशी इमारत डोळ्यांपुढे ठेवलेली असते. आणि दावा मंजूर झाला तरी पैसे सोसायटीच्या खात्यात येतात. त्यातलं किती तुमच्या घरावर खर्च व्हायचं ते सभा ठरवते. सोसायटीच्या सभा कशा असतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

भाचीचं म्हणणं म्हणून बरोबर आहे, फक्त तिकडची व्यवस्था जशीच्या तशी इकडे नाही. अमेरिकेत काँडोच्या संघटनेची एक मुख्य पॉलिसी असते आणि फ्लॅटमालकाची वेगळी, तिला एचओ-६ म्हणतात. संघटनेची पॉलिसी कुठे थांबते, उघड्या भिंतींशी की आतल्या रंगापर्यंत, ते त्यांच्या करारात लिहिलेलं असतं. मालक उरलेलं झाकतो. शिवाय संघटनेचा विमा अपुरा पडून सगळ्यांवर जादा वर्गणी आली, तर तिच्यासाठीही तिथे संरक्षण मिळतं. आपल्याकडे हे शेवटचं सहज मिळत नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला सर्वांत जास्त फटका नेमका तिथेच बसतो.

कसा ते सांगतो. समजा तुमची इमारत आज पुन्हा बांधायला ४ कोटी लागतील आणि सोसायटीने विमा अडीच कोटींचा उतरवलाय, कारण आकडा पंधरा वर्षांपूर्वीचा आहे आणि कुणी बदललेला नाही. पुरात लिफ्ट, पंप, पॅनेल, तळाचं प्लास्टर असं १६ लाखांचं नुकसान झालं. लोकांना वाटतं, अडीच कोटींचा विमा आहे, १६ लाख म्हणजे किरकोळ. पण पॉलिसीत सरासरीचं कलम असेल तर हिशेब वेगळा होतो. अडीच भागिले चार, म्हणजे साडेबासष्ट टक्केच विमा आहे, म्हणून नुकसानही तेवढंच मिळणार : १० लाख. वरचे ६ लाख १६ घरांनी भरायचे, घरटी सरासरी साडेसदतीस हजार. पाणी तुमच्या चौथ्या पायरीवर थांबलं होतं, वर्गणीची पावती मात्र दुसऱ्या मजल्यावर येते.

म्हणून पहिलं काम तुमच्या फ्लॅटचं नाहीच. सोसायटीच्या पॉलिसीची प्रत लेखी अर्ज करून मागा. त्यात तीन ठिकाणी बोट ठेवा : विम्याची रक्कम, पूर-वादळ-दरड आहे का, आणि लिफ्ट-पंप-पॅनेल लिहिलेत का. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा. नुसतं 'विमा नूतनीकरण' असं नको. 'विम्याची रक्कम बांधकामाच्या आजच्या दराने बदलणे' असं लिहा. नाहीतर दोन मिनिटांत मंजूर होऊन चहा येतो.

आता तुमचा फ्लॅट. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना घरासाठी एक प्रमाणित पॉलिसी द्यायला लावली आहे, भारत गृह रक्षा. कंपनी कुठलीही घ्या, मूळ मजकूर तोच. योगायोग असा की ती लागू झाल्यावर पावणेचार महिन्यांतच २२ जुलैचा पूर आला. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणं, झाड किंवा वाहन आदळणं, टाकी-पाइप फुटून पाणी येणं, दंगल हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. फ्लॅटमालक एकटा ती घेऊ शकतो, सोसायटीची परवानगी लागत नाही.

रक्कम ठरवताना लोक नेमके उलट चुकतात. फ्लॅट ३६ लाखांना घेतला म्हणून ३६ लाखांचा विमा मागतात. त्या ३६ लाखांत जागेची किंमत आहे, बिल्डरचा नफा आहे, 'नदीदर्शन' आहे. पुरात जागा वाहून जात नाही. इथे रक्कम म्हणजे कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा आजचा दर. ६०० चौरस फूट आणि दर २,५०० रुपये धरला तर १५ लाख. दर तुमच्या भागातल्या इंजिनीअरला विचारा, माझा आकडा उदाहरणाचा आहे. इमारत भाग घेतला की घरातलं सामान आपोआप त्याच्या २० टक्के झाकलं जातं, कमाल १० लाखांपर्यंत; म्हणजे तुमचं ३ लाख. जास्त हवं तर यादी देऊन वाढवता येतं. आणि सरासरीच्या त्या कलमातून या पॉलिसीने घरमालकाला सोडवलं आहे. अंदाजाने रक्कम थोडी कमी पडली म्हणून दावा कापत नाहीत. दहा वर्षांपर्यंतची एकदम घेता येते आणि एका वर्षाहून जास्त मुदतीच्या पॉलिसीत रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, जादा हप्ता न घेता. हप्ता? अशा फ्लॅटचा वर्षाचा हप्ता सहसा हापूसच्या एका चांगल्या पेटीपेक्षा जास्त नसतो.

सोसायटीची आणि तुमची, दोन्ही पॉलिसींत भिंत आली तर? भिंतीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. सोसायटीचा विमा खरोखर पुरेसा आणि पूर्ण असेल तर तुम्ही फक्त सामानाचा घेतला तरी चालेल. मला तो तसा क्वचित दिसतो.

दुसऱ्या मजल्यावर नदी येणार नाही हे मान्य. पण माझ्या दप्तरातले वरच्या मजल्यांचे दावे बघितले तर नदीचे कमीच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे माड आणि आंब्याची झाडं इमारतींवर आडवी झाली होती, गच्चीवरच्या टाक्या लोळल्या होत्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात वाऱ्याने सरकती खिडकी चौकटीसकट आत आली आणि हॉलमधलं सगळं भिजलं. तो दावा पूर्ण मंजूर झाला. त्याच इमारतीत शेजारच्या घरात खिडकी शाबूत होती, फटीतून पाणी येत होतं, दरवर्षी येतं तसं. त्यांचा मंजूर झाला नाही. त्या गृहस्थांनी माझ्याशी आजतागायत बोलणं टाकलंय.

हा फरक नीट समजून घ्या, कारण कोकणात तीन चतुर्थांश भांडणं यावरच होतात. विमा अचानक घडलेल्या गोष्टीचा असतो. पाइप फुटला, हा अपघात. स्लॅबला ओल आली, पोपडे पडले, सळ्या गंजल्या, खाऱ्या वाऱ्याने ग्रिल खाल्लं, ही झीज; ती कुठलीच पॉलिसी देत नाही. गळतीचं काय करायचं ते उपविधींत आहे : गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची, कुणाच्या संडास-बाथरूम-सिंकमधून खाली गळत असेल तर त्या सभासदाने. विमा कंपनीला फोन करून उपयोग नाही.

तुमच्या वरचा फ्लॅट बंद असतो असं तुम्ही लिहिलंय, मालक मुंबईला, गणपती-शिमग्याला येतात. बाई, मला पुरापेक्षा त्या फ्लॅटची जास्त काळजी वाटते. बंद घरात गिझरचा पाइप सुटला आणि टाकीचं पाणी रात्रभर तुमच्या स्लॅबमधून उतरलं, तर तुमच्या गाद्या, कपाटं, छत हे तुमच्या पॉलिसीत बसतं, टाकी-पाइप फुटण्याच्या कलमात. पण पाणी किती दिवस गळत होतं हा प्रश्न मी विचारणारच. भिंतीवर काळी बुरशी दिसली की एका रात्रीची गोष्ट पटत नाही. म्हणून ओलीचा पहिला डाग दिसताच फोटो काढा आणि वरच्यांना व सोसायटीला लेखी कळवा.

जमिनीचं एक कलम मात्र शांतपणे वाचा. दरड आणि जमीन खचणं पॉलिसीत आहे, पण त्याखाली बारीक अक्षरात अपवाद आहेत : नव्या इमारतीचं नेहमीचं बसणं आणि तडे, भरावाच्या जमिनीचं बसणं, समुद्राने किंवा नदीने किनारा कापणं, सदोष डिझाइन किंवा हलकं काम, आणि शेजारी खोदकाम चालू असल्याने झालेलं नुकसान. आता आपल्याकडे बघा. नदीकाठची सखल भातजमीन भराव टाकून उचलायची, किंवा डोंगराचा पाय कापून वर चार मजले चढवायचे, हीच आपली 'डेव्हलपमेंट'. भरावावरची इमारत एका बाजूने बसली तर तो दावा उभा राहणं फार कठीण. तिथे विमा नव्हे, बिल्डर गाठायचा. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यात, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. तुमची इमारत जुनी आहे, ती मुदत गेली असेल. पण कापलेला डोंगर पावसात इमारतीवर आला, तर ती दरड, आणि ती मिळते.

गच्चीवर पावसाळी पत्रे आहेत का? आपल्याकडे नसलेली इमारत विरळा. ती शेड सोसायटीच्या पॉलिसीत लिहिलेली असली पाहिजे. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतही, बाल्कनी आत घेऊन किंवा कसंही कार्पेट एरिया १० टक्क्यांहून जास्त वाढवलात तर कंपनीला कळवून घ्या, नाहीतर वाढलेला भाग बाहेर राहतो.

सामानात काय येत नाही ते लोकांना नंतर कळतं. रोख रक्कम, नाणी, गाडी नाही. स्टिल्टखालची गाडी बुडाली तर ती मोटार विम्यावर, आणि पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून चालू करू नका, इंजिन गेलं की तो वेगळाच तंटा. दागिने मूळ सामानात धरत नाहीत. त्यासाठी मौल्यवान वस्तूंचं जादा कलम घ्यावं लागतं. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. गौरीचे दागिने, देवाची चांदी या कलमात घाला. वायरीतून जादा दाब येऊन फक्त टीव्ही जळला, तर तो सहसा मिळत नाही. त्यातून आग लागून घर पेटलं तर बाकीचं मिळतं. आणि चोरी : मूळ पॉलिसीत ती विमा असलेल्या घटनेनंतर ७ दिवसांत झालेली असेल तरच. पुराच्या गोंधळात कुणी कपाट फोडलं तर हो, एरवी मे महिन्यात तुम्ही मुलीकडे ठाण्याला गेलात आणि कुलूप तुटलं तर नाही. घरफोडीचं कलम वेगळं घ्यावं लागतं, आणि घर सलग किती दिवस बंद असलं तर ते लागू नाही, तो आकडा विचारून लिहून घ्या.

कागदावरचं नाव तपासा. फ्लॅट तुमच्या दिवंगत यजमानांच्या नावावर आणि भाग-दाखलाही (शेअर सर्टिफिकेट) तसाच असेल, तर आधी सोसायटीत नाव लावून घ्या आणि पॉलिसी तुमच्या नावाने काढा. हे काम पुढे ढकललेलं प्रत्येक घर दाव्याच्या वेळी तीन भावंडांच्या सह्यांसाठी महिने घालवतं.

उद्या घडलंच तर. कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोन केला तरी मेल किंवा मेसेज हवा. चिखल काढायला माझी वाट बघू नका. २०२१ मध्ये मी येईपर्यंत काही लोक चार दिवस चिखलात बसून होते, कुणीतरी सांगितलं म्हणून. आधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ, पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो, वस्तूंची यादी, फ्रिज-मशीनच्या मागच्या नंबराच्या पट्ट्यांचे फोटो. मग खुशाल साफ करा. मोठ्या वस्तू भंगारवाल्याला देण्याआधी तेवढं थांबा. सरकारी पंचनामा झाला तर त्याची प्रत घ्या. तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण माझ्या सर्वेक्षणाची जागा घेत नाही, आणि पंचनाम्यात 'किरकोळ' लिहिलेलं असताना दाव्यात ४ लाख लिहिलेत तर मला विचारावंच लागतं. घराची कागदपत्रं आणि बिलांचे फोटो मुलीच्या फोनवर आजच पाठवून ठेवा. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याची तरतूदही पॉलिसीत आहे, ढिगारा हलवायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतात. लोक हे मागतच नाहीत.

दावा नाकारला तर लेखी कारण मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे द्या. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. अट एवढीच की कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत गेलं पाहिजे. माझ्या अहवालाविरुद्ध लोक तिथे गेलेत आणि एकदा जिंकलेतही. तेव्हा मीच चुकलो होतो, पाण्याची रेष मी दुसऱ्या दिवशी मोजली होती, तोवर भिंत धुतली गेली होती.

आणि हे आगोटीआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी करा. हप्ता भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, आणि समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली की बऱ्याच कंपन्या नवीन पॉलिसी देणं थांबवतात. तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

वरच्या मजल्यावरचे यंदा गणपतीला आले की त्यांच्याकडून घराची एक किल्ली सोसायटीत ठेवून घ्या, आणि मुंबईला निघताना आतला मुख्य व्हॉल्व्ह कुठे बंद करायचा ते त्यांच्यासोबत जाऊन एकदा बघून या.